भाकरी कमी, तूप जास्त : कोलेस्ट्रॉलचे काय होते?



या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहावयाचे ठरले होते. परंतु गेले काही महिने गटवार बैठकांत ऊस नोंदीचे काम आटोपले, की चहाच्या वेळी वेगळाच विषय निघतो. "साहेब, भात, भाकरी, साखर बंद करून तूप, लोणी, अंडी, मटण खाल्लं तर मधुमेह आटोक्यात येतो म्हणतात. मग कोलेस्ट्रॉल वाढत नाही का?" एक जण म्हणतो वाढते. दुसरा म्हणतो, तुपाने कोलेस्ट्रॉल वाढते ही सगळी थाप आहे. दोघांच्याही मोबाइलवर पुरावा तयार असतो. तेव्हा पाचटाचे पुढच्या अंकात पाहू. तोवर ते जाळू नये, एवढेच सांगतो.

मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. पण पिकाला काय घातले आणि त्याचे काय झाले, हे मोजून बघण्याची सवय नोकरीने लागली आहे. त्याच नजरेने या विषयावरचे जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

आधी एक गोष्ट उघड सांगितलेली बरी. आपला कारखाना साखर तयार करतो, माझा पगार त्याच साखरेतून होतो आणि हे पत्रकही कारखान्याचेच आहे. तेव्हा साखर सोडावयास सांगणाऱ्या आहाराविषयी येथे जे छापले जाईल, ते वाचकाने जरा पारखून घ्यावे हे योग्यच. त्याला इतिहासही आहे. १९६७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकेतील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांचा दोन भागांचा आढावा प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा दोष त्यात मुख्यतः चरबीवर ठेवला होता आणि साखरेविरुद्धचा पुरावा कच्चा ठरवला होता. या आढाव्यासाठी तिकडच्या साखर धंद्याच्या शुगर रिसर्च फाउंडेशनने ६,५०० डॉलर मोजले होते, ही गोष्ट २०१६ साली जुन्या पत्रव्यवहारातून बाहेर आली. पैसा कोठून आला हे छापण्याची त्या काळी सक्ती नव्हती, हे खरे. तरी गोष्ट शोभण्यासारखी नव्हती.

यावरून आता पुष्कळ जण उलट टोकाला जातात. साखरवाल्यांनी पैसे देऊन चरबीला बदनाम केले, म्हणजे चरबी निर्दोष, असा हिशेब मांडतात. शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून आपला बांध सरळ आहे असे ठरत नाही. चरबी आणि रक्तातील कोलेस्ट्रॉल यांचे नाते त्या एका लेखावर उभे नाही. साखर धंद्याशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणीही ते पुन्हा पुन्हा तपासून पाहिले गेले आहे.

एका नावाखाली दोन गोष्टी

कर्बोदके म्हणजे भात, भाकरी, पोळी, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ यांतील पिष्ट आणि गोड भाग. स्निग्धांश म्हणजे तेल, तूप, लोणी, मटणाची चरबी. एक ग्रॅम कर्बोदकापासून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम स्निग्धांशापासून ९. आपल्या देशात माणसाला मिळणाऱ्या एकूण कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत दिसले. हे आकडे २०२५ साली प्रसिद्ध झाले. कमी कर्बोदकांच्या आहारात हाच वाटा पाव हिश्श्यावर आणतात, म्हणजे दिवसाला १३० ग्रॅमच्या आत. किटो म्हणून जो कडक प्रकार आहे, त्यात ५० ग्रॅमच्याही आत.

आता आपल्या ताटाकडे बघा. ज्वारीच्या मोठ्या भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरले, तर त्यात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके येतात. म्हणजे किटोत एक भाकरीसुद्धा बसत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी पौष्टिक आहेत, त्यांत चोथाही चांगला असतो. पण "मी भात सोडला, आता भाकरीच खातो, म्हणजे माझा कमी कर्बोदकांचा आहार झाला," असे कोणी म्हणत असेल तर तो स्वतःलाच फसवतो आहे.

या आहाराचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक मजा आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने १८६३ साली एक पुस्तिका काढली. वैद्याच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटा, बिअर बंद करून आपले वजन सुमारे २१ किलोंनी कसे उतरले, हे त्याने तीत सांगितले. आजचे लोक त्याला या पंथाचा मूळपुरुष मानतात. पण त्याने जे वर्ज्य केले होते, त्या यादीत लोणीही होते! म्हणजे पहिल्या गाजलेल्या कमी कर्बोदकांच्या आहारात लोणी-तुपाचा भडिमार नव्हताच. भरपूर स्निग्धांशाचा किटो आहार आला तो १९२१ साली, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून. आणि तोही वजनासाठी नव्हे, तर अपस्माराच्या म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी. औषधांना दाद न देणाऱ्या फिटच्या मुलांना तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. पुढे १९७२ साली डॉ. अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने तो वजन कमी करण्यासाठी घरोघर नेला. (आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. ती आणि ही एक नव्हे. तिचा भर किती वेळा खावे यावर आहे, तूप वाढवण्यावर नाही.)

सांगावयाचा मुद्दा असा, की कर्बोदके कमी करणे ही एक गोष्ट आणि तूप-लोणी वाढवणे ही दुसरी. दोन्ही एकाच नावाखाली विकल्या जातात. फायदा बहुतेक पहिलीचा असतो. कोलेस्ट्रॉलचा घोटाळा बहुतेक दुसरीमुळे होतो.

गव्हाण आणि गाड्या

भात, भाकरी बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो वजन उतरते आणि माणूस हरखून जातो. त्यातले बरेचसे पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, अर्ध्या किलोच्या आसपास. दर एक ग्रॅम साठ्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. साठा संपला की पाणीही जाते. खरी चरबी त्यानंतर सावकाश उतरते. तीही मुख्यतः एकूण खाणे कमी झाल्यामुळे; कारण प्रथिने आणि स्निग्धांशाने पोट लवकर भरते, आणि फरसाण, बिस्किटे, गोड चहा आपोआप सुटतात.

आता रक्ताचे बघू. लिपिड प्रोफाइल नावाची चाचणी केली, की कागदावर तीन महत्त्वाचे आकडे येतात : ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि एलडीएल.

जास्तीच्या पिष्टाची आणि साखरेची यकृत चरबी बनवते, आणि ती ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडते. म्हणून कर्बोदके कमी केली की ट्रायग्लिसराइड उतरते. हा या आहाराचा सर्वांत खात्रीचा फायदा. एचडीएल, ज्याला चांगले कोलेस्ट्रॉल म्हणतात, तेही थोडे वाढते. आपल्या लोकांत नेमके ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असा नमुना फार आढळतो, पोट सुटलेल्या माणसांत तर विशेष. तेव्हा या बाजूने आहार आपल्याला फायद्याचाच.

एलडीएलचे मात्र तसे नाही. एलडीएल म्हणजे कोलेस्ट्रॉल भरलेल्या गाड्या समजा. शरीरभर फिरून त्यांतील बहुतेक गाड्या यकृताकडे परत येतात आणि तेथे रिकाम्या होतात. यकृताच्या पेशींवर त्यासाठी जणू गव्हाणी असतात. या गव्हाणींचा शोध ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी लावला. १९८५ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे हंगामात एक गव्हाण बंद पडली तर काय होते, हे मी सांगावयास नको. यार्ड भरते, मग रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि येणारा-जाणारा अडकतो. तूप, लोणी, खोबरेल, मटणाची पांढरी चरबी यांत जो संपृक्त स्निग्धांश असतो, तो जास्त झाला की यकृताच्या गव्हाणी कमी होतात. गाड्या रक्तातच थांबतात. एलडीएल वाढते ते असे. रस्त्यावर फार काळ थांबलेल्या गाड्यांतला माल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतो आणि वर्षानुवर्षे तेथे साठतो. माणसाला त्याचे काही कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही. कळते ते एकदम, छातीत कळ आल्यावर.

आपल्याला याची काळजी इतरांपेक्षा जास्त असावयास हवी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अनेक देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका मध्यमानाने ५३ व्या वर्षी आलेला दिसला. इतर देशांत ते वय ५९ च्या जवळ होते. सहा वर्षे म्हणजे घरातील एखाद्या मुलाचे शिक्षण.

मग तूप खाणाऱ्या सगळ्यांचेच एलडीएल वाढते का? नाही. वाद रंगतो तो येथेच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांचे दोन गट करून वर्षभर पाहिले. एका गटाने स्निग्धांश कमी केला, दुसऱ्याने कर्बोदके. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून भाजीपाला खायला सांगितले होते. २०१८ साली निकाल आला : पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो. म्हणजे फरक नसल्यासारखाच. कमी कर्बोदकांच्या गटात ट्रायग्लिसराइड जास्त उतरले, एचडीएल वाढले, पण एलडीएल किंचित चढले. दुसऱ्या गटात एलडीएल किंचित उतरले. ही झाली सरासरी. पण सरासरीवर जाऊ नये. गटातले सरासरी उत्पादन एकरी ४० टन म्हणून प्रत्येकाच्या रानात ४० टन निघत नाही.

२०२४ साली अशा ४१ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसले ते असे, की अंगाने लठ्ठ माणसांचे एलडीएल या आहाराने वाढत नाही, कधी थोडे उतरतेही. पण सडपातळ माणसांचे चांगलेच वाढते. आपल्या भागात हे उलटे चालले आहे. पोट सुटलेला, मोटारसायकलवरून बांधापर्यंत जाणारा माणूस चार कप गोड चहा सोडीत नाही. आणि दिवसभर रानात राबणारा काटक माणूस मोबाइलवर बघून चहात लोण्याचा गोळा टाकतो. त्याला या आहाराची गरजच नव्हती. चोपण जमिनीला घालावयाचे जिप्सम शेजाऱ्याने घातले म्हणून आपण मुरमाड रानात घालतो का? ऊसतोड करणारी माणसे भाकरीवर दहा-दहा तास कोयता चालवतात; त्यांच्या अंगी ती भाकरी लागते, कारण ती जळते.

फार पुढचे, म्हणजे आयुर्मानाचे बघावयाचे तर अमेरिकेत १५,४२८ प्रौढांवर केलेला एक दीर्घ अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कर्बोदकांतून ५० ते ५५ टक्के कॅलरी घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. त्याहून फार कमी आणि फार जास्त, दोन्हीकडे ते वाढलेले. कमी केलेल्या कर्बोदकांच्या जागी मांस आणि चरबी आली तर वाईट. शेंगदाणे, डाळी, वनस्पतीजन्य पदार्थ आले तर बरे, असेही त्यात दिसले. असा अभ्यास नुसत्या निरीक्षणाचा असतो, त्यावरून कार्यकारण पक्के होत नाही. तरी दिशा कळते.

औषध चालू असणाऱ्यांनी हे वाचावेच

२०२३ साली जाहीर झालेल्या अंदाजानुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. कर्बोदके कमी करणे त्यांना उपयोगी पडते, यात शंका नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवरून काढलेला निष्कर्षही तोच आहे. फक्त तो कर्बोदके शून्यावर आणा असे म्हणत नाही, त्यांचा वाटा एकूण कॅलरींच्या निम्म्याच्या आसपास आणा आणि त्या जागी प्रथिने वाढवा असे म्हणतो.

धोका दुसरीकडे आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी चालू असताना एकदम भात-भाकरी तोडली, तर गोळी आपले काम करीत राहते आणि रक्तातील साखर धोक्याइतकी खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यापुढे अंधारी येते. भर दुपारी पाणी देताना उसात माणूस पडला तर दहा फुटांवरून दिसत नाही. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा.

दुसरी गोळी आहे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. जादा साखर लघवीवाटे टाकणारी. स्वस्त झाल्यापासून ती पुष्कळांना चालू आहे. ही गोळी आणि किटो आहार एकत्र आले, की रक्तात आम्ल साठून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. आणि फसगत अशी, की साखरेचा आकडा फारसा वाढलेला दिसतही नाही. मळमळ, उलटी, पोटात दुखणे, धाप लागणे असे झाले तर दवाखान्यात गोळीचे नाव आणि आहार दोन्ही सांगावे. आपल्या चिठ्ठीवर कोणती गोळी आहे, हे घरातल्या माणसाला माहीत असावे.

याच्या उलट चूकही होते. साखर उतरली म्हणून स्वतःच्या मनाने मधुमेहाची, रक्तदाबाची, कोलेस्ट्रॉलची गोळी बंद करणारे सभासद मला माहीत आहेत. गोळी कमी होऊ शकते, कित्येकांची होतेही. पण ती डॉक्टरांनी आकडे बघून करावयाची गोष्ट आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असणाऱ्यांनी या वाटेला डॉक्टरांशिवाय जाऊच नये.

मग घरात काय करावे? किटोच्या मागे न लागताही पहिल्या गोष्टीचा फायदा घेता येतो. सुरुवात साखरेपासून करावी, आणि हे मी साखर कारखान्याच्या पत्रकात लिहितो आहे. सवलतीच्या दराने मिळालेली ५० किलो साखर पाच माणसांच्या घरात वर्षात संपली, तर माणशी रोज २७ ग्रॅम पडते. जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा साधारण ५० ग्रॅमची आहे आणि २५ च्या आत असावे असे ती सुचवते. म्हणजे एका पोत्याचे घर मर्यादेत बसते. पण त्यात गूळ, बिस्किटे, बाहेरचा चहा, थंड पेये आणि जत्रेतली मिठाई धरलेली नाही. गूळ नैसर्गिक म्हणून मोजायचा नाही, असे चालणार नाही. त्यातही बहुतांश साखरच आहे. आणि उसाचा रस? ब्रिक्स मोजणाऱ्यांना काय सांगायचे! १८ ब्रिक्सच्या रसाच्या एका पेल्यात तीस-पस्तीस ग्रॅम सहज जाते.

भात निम्मा करावा, भाकरी एक कमी करावी, आणि त्या जागी मटकीची उसळ, हरभरा, अंडी, ताक, मूठभर शेंगदाणे, पालेभाजी घ्यावी. अंड्याची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. अंड्यातील कोलेस्ट्रॉलपेक्षा संपृक्त स्निग्धांशाचा एलडीएलवर जास्त परिणाम होतो. तुपात तो साठ टक्क्यांच्या वर असतो, खोबरेलात नव्वदच्या आसपास, शेंगदाणा तेलात वीसच्या आत, आणि करडईच्या तेलात दहाच्या आत. करडई आपल्या भागातून जवळजवळ गेली, याचे मला एरवीही वाईट वाटते. पुरणपोळीवर, वरणभातावर चमचाभर तूप घ्यावे. ते कोणी काढून घेत नाही. वाटीने मात्र पिऊ नये.

आणि ज्यांना पूर्ण आहारच करून बघावयाचा आहे, त्यांनी माती परीक्षणाशिवाय खत टाकू नये. सुरू करण्यापूर्वी दहा-बारा तास उपाशी राहून लिपिड प्रोफाइल करावे, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत आले असेल तर उत्तम. एलडीएल मात्र आधीच्या आकड्याशी ताडून बघावे. चढले असेल, तर लगेच भाताकडे परत जावे असे नाही. आधी तूप, लोणी, खोबरेल आणि चरबीचे मटण कमी करून त्या जागी शेंगदाणा किंवा करडईचे तेल, मासे, उसळी आणाव्यात आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावे. एलडीएल १९० किंवा त्याच्या वर गेले, तर आहार कोणताही असो, वजन कितीही उतरलेले असो, डॉक्टरांना भेटावे. ज्यांना मधुमेह आहे, किंवा ज्यांच्या वडिलांना अथवा भावाला कमी वयात झटका आला आहे, त्यांनी एवढ्या आकड्याची वाट बघू नये. त्यांची मर्यादा पुष्कळ खालची असते आणि ती डॉक्टरच ठरवतील. दोन्ही वेळचे कागद एकत्र टाचून न्यावेत, नुसता नवा कागद नेऊ नये.